खाऱ्या विहिरीचे भाऊबंद

जळगावला कुणी समुद्र शोधायला जात नाही. मी गेले, आणि तेही श्रावणात, चिमटे, बारीक जाळी आणि अल्कोहोलच्या कुप्या घेऊन. मालवणहून निघताना आईने विचारलं, "थंय काय गावतला तुका? केळी?" मलाही तेच वाटत होतं.

माझं काम सांगायला सोपं आणि पटवायला कठीण. समुद्रातले बारीकसारीक प्राणी गोळा करायचे, त्यांच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचायचा आणि कुणाचा तुकडा कुणाशी किती जुळतो ते पाहून त्यांचा वंशवृक्ष मांडायचा. जास्त जुळले ते जवळचे, कमी जुळले ते लांबचे. रूपावर जायचं नाही. दिसायला जुळे वाटणारे दोन प्राणी एकमेकांचे कुणीच नसतात, आणि कुठलातरी ओंगळ गोळा निघतो कोलंबीचा चुलता. वीस लोकांच्या लग्नघरात कोण कुणाचं हे ओळखताना माझी तारांबळ उडते, पण समुद्राची भावकी मला पाठ आहे.

माझ्याच प्रयोगशाळेत वैशाली काम करते. माहेर खानदेशातलं, तापीकाठचं, सासर जळगावात. उन्हाळ्यात माहेरी गेली ती येताना एक बाटली घेऊन आली. त्यांच्या शेतातल्या जुन्या विहिरीत सापडलेले पांढरे जीव, तांदळाच्या दाण्याएवढे, डोळे नसलेले. गंमत म्हणून आम्ही त्यांचाही तुकडा वाचला. संगणकाने त्यांना गोड्या पाण्यातल्या प्राण्यांत बसवलंच नाही. ते जाऊन बसले थेट समुद्राच्या फांदीवर, आमच्या मालवणच्या पुळणीत वाळूखाली राहणाऱ्या एका प्राण्याच्या शेजारी.

मी म्हटलं, "भेसळ झाली." आमच्याकडे सगळेच नमुने समुद्राचे. कुठल्यातरी नळीत थेंबभर जुनं काही राहिलं असणार. वैशालीचं तोंड उतरलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पण बाटली तीच, जागा तीच; त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. ताजे प्राणी हवे होते, कोऱ्या सामानाने धरलेले, आणि तपासणी व्हायला हवी होती दुसऱ्याच शहरातल्या, समुद्राचं वारं न लागलेल्या प्रयोगशाळेत. तेवढ्यात वैशालीला घरून फोन आला. रस्ता रुंद होणार होता. श्रावणात घरी बसणाऱ्या कानबाई या देवीचं विसर्जन झालं की विहीर बुजवणार होते. विहीर बुजली की आमचा प्रश्नही तिच्यासोबत कायमचा गाडला जाणार होता.

पिंप्राळा, शुक्रवार

वैशालीचं सासर पिंप्राळ्याला, जळगाव शहरातच. गल्लीत स्कूटरी, दारोदार तुळशी, कोपऱ्यावर चक्की. तिच्या सासूबाईंनी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. आमच्याकडे तिखटाला नारळाचा आधार असतो. इथे तिखट उघडंच येतं. मी शहाणपणा करून ठेचा भाजीसारखा घेतला आणि मग बराच वेळ मला फक्त माझे कान जाणवत होते. सासूबाई तेल आणून ओतेपर्यंत घरातले सगळे हसून घेत होते. श्रावण असल्याने माशांचं नाव काढायची सोय नव्हती. आमच्या घरी श्रावण पाळत नाहीत, मासे पाळतात, हे मी तिथे बोलले नाही.

कुठल्या विहिरीवर चाललोय हे कळल्यावर मात्र सासूबाईंचं हसू गेलं. "खाऱ्या विहिरीवर? वैशाली, तू सांगितलं नाही यांना?"

"आई, त्या शास्त्रज्ञ आहेत."

"असू दे. दुपारी तिच्यावर वाकू नका म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि मला आणखी एक भाकरी वाढली.

विहिरीपाशी, शनिवार

गावाचं नाव मी लिहीत नाही. नानांनी तसं सांगितलंय. नाना म्हणजे वैशालीचे मोठे काका, घरातले कर्ते. सत्तरीपुढचे, उंच, डोक्यावर टोपी, बोलायच्या आधी जरा थांबणारे. त्यांच्या पत्नीला सगळे अक्का म्हणतात. अक्कांनी चहा दिला आणि नाना मला आणि वैशालीला घेऊन शेताकडे निघाले.

दोन्ही बाजूंना गुडघाभर कपाशी, ऊन-पावसाचा खेळ, लांबवर तापीकडे केळीचे बाग. शेताच्या कोपऱ्यात, रस्त्याला लागून ती विहीर. तोंडावर दगडी लाद्या टाकलेल्या, मधोमध घागर जाईल एवढं भोक. आजूबाजूला गवत माजलेलं, पण लाद्यांवर साधं शेवाळही नव्हतं.

"हाई हीर खारी शे," नाना म्हणाले. "ढोरं बी तोंड लावतस नही."

त्यात नवल नव्हतं. तापीच्या गाळात कुठे कुठे खारं पाणी लागतं. मी विजेरी लावली. पाणी फार खाली होतं, काळं आणि निश्चल. सवयीने मी "ओ" अशी हाक घातली. विहिरीत हाक घातली की ती परत येते, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. माझी हाक परत आली नाही.

"आवाज देऊ नका, ताई," नाना हळूच म्हणाले. "आनि कोनं नाव तं लेवानंच नही."

आत बाजूला पोकळ्या असणार, आवाज त्यांत जिरला असणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि जाळी सोडली. रिकामी आली. पुन्हा सोडली, पुन्हा रिकामी. उन्हं कलेपर्यंत हेच चाललं. वारा पूर्ण पडला होता, कपाशीचं पान हलत नव्हतं. मी ओढणी काढून भोकाच्या कडेला ठेवली होती. ती हलली. मग तिचं टोक उचललं गेलं, फुगलं, आणि तसंच हवेत राहिलं.

विहीर श्वास सोडत होती. गार, ओलसर हवा एकसारखी वर येत होती. आणि त्या हवेला वास होता. तो वास मी जगात कुठेही ओळखला असता. ओहोटीला खाडी उघडी पडते, तेव्हा चिखलाचा, कालवांचा आणि कुजक्या शेवाळाचा जो वास येतो, तो. डोळे मिटले असते तर मी आमच्या घरामागच्या पायऱ्यांवर उभी असते. समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब होता. मला पहिल्यांदा भीती वाटली.

"दुपारले सास सोडस," नाना म्हणाले. "सकायले लेस."

याचं कारण मला माहीत होतं आणि मी ते वैशालीला घडाघडा सांगितलंही. दुपारनंतर हवेचा दाब उतरतो, म्हणून जमिनीतल्या पोकळ्यांतली हवा बाहेर येते. सकाळी दाब चढतो, तेव्हा आत जाते. वैशाली हो हो म्हणाली. पण आम्ही दोघी लाद्यांपासून चार पावलं मागे सरकून उभ्या होतो, आणि कारण ठाऊक असूनही माझ्या अंगावरचा काटा बसत नव्हता.

कानबाईचा रविवार

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई बसते. चौरंगावर कलश, त्यावर नारळ, नारळाला डोळे, नथ आणि साडी. घर असं सजतं की लग्नच आहे. आमच्या गणपतीची आठवण झाली. पण आमचा गणपती आल्यागेल्याला मोदक देतो. कानबाईचा रोट मात्र परक्याला मिळत नाही. घरातल्या पुरुषांची संख्या मोजून तेवढ्या मुठी गहू घेतात, ते दळून त्याच पिठाचा रोट करतात, आणि तो फक्त भाऊबंदांनी खायचा. सुना खातात, कारण त्या घरच्या झाल्या. सासरी गेलेल्या लेकी खात नाहीत.

म्हणून त्या दुपारी मी आणि वैशाली ओसरीवर बसून वरण-बट्टी खात होतो, आणि आत पुरणपोळी, खीर, गंगाफळाच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, भाजीचा घमघमाट सुटला होता. वैशाली त्याच घरात जन्मलेली, त्याच चुलीपाशी वाढलेली. "सवय झालीय," ती म्हणाली. तिने बट्टी जरा जास्तच जोराने कुस्करली.

सकाळी गहू मोजताना मात्र मी दारात होते. नाना एकेक नाव घेत मूठ टाकत होते. थोरले, धाकटे, अगदी पाळण्यातलाही. सगळी नावं संपली, आणि नानांनी नाव न घेता आणखी एक मूठ टाकली. मी वैशालीकडे पाहिलं, तिने नजर चुकवली.

जेवणं झाल्यावर मी नानांनाच विचारलं. ते थोडा वेळ सुपारी कातरत राहिले.

"मना आजाना धाकला भाऊ," ते म्हणाले. "झरा मोकळा कराले हिरमा उतरना. दोर खाले गया, तसाच रिकामा वर उना. तो उना नही. लोके उतरनात, पानी उपसं, काहीच नही. मरना म्हनीसन कोनी दखं नही. मंग तेनी मूठ कशी बंद करानी?"

म्हणजे तो मेलेला कुणी पाहिला नाही, म्हणून त्याचं दहन नाही, दिवस नाहीत. दरवर्षी त्याच्या वाटणीचा रोट विहिरीत जातो, आणि रोटाची भांडी विसळलेलं पाणीही, कारण ते कुणाच्या पायदळी येता कामा नये. पिढ्यान्‌पिढ्या. आणि आता विहीर बुजणार होती. नाना रस्ता अडवत नव्हते, सही करून मोकळे झाले होते. त्यांना एकच घोर होता, आणि तो सुपारीच्या प्रत्येक कातरणीत दिसत होता.

उन्हं कलताना अक्का पातेलं घेऊन विहिरीवर गेल्या, मागून नाना, त्यांच्या मागून आम्ही. विहीर श्वास सोडतच होती. नानांनी त्या वाऱ्यात रोटाचे तुकडे सोडले. अक्कांनी विसळवणीचं पाणी ओतलं. नाना हात जोडून उभे राहिले. मी विजेरी आत धरली.

आधी काहीच नव्हतं. मग काळ्या पाण्याच्या कडेने, दगडांच्या फटीतून, एक पांढरा ठिपका आला. मग दुसरा. बघता बघता फटीफटींतून ते निघाले, सावकाश, न घाबरता, कुणीतरी हाक मारल्यावर यावं तसे, आणि रोटाभोवती जमले. डोळे नसलेला प्राणी वर बघत नाही हे मला कळतं. तरी ते वर बघताहेत असं मला वाटलं.

आदल्या दिवशी उन्हं कलेपर्यंत मी त्यांच्यासाठी जाळी टाकत होते, आणि ते जेवायला बोलावण्याची वाट पाहत होते! मी जाळी सोडली आणि ती भरून आली. मी आनंदाने कुपी उघडली. नानांनी माझा हात धरला.

"कुपीमा काय शे?"

"अल्कोहोल. त्यात टाकल्यावर ते टिकतात."

"मरतस."

"हो. मरतात."

"आमना रोट खादा तो आमना भाऊबंद," नाना म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आते त्यास्ले दारूमा बुडावशात तुम्हीन?"

मी चिडले, हे कबूल करायला हवं. एवढ्या लांबून आले, एवढा खटाटोप केला, आणि हाती आलेलं सोडून द्यायचं? पण जाळीत ते पांढरे जीव रोटाचे कण पायांत धरून बसले होते, आणि समोर तो म्हातारा. मला हात हिसकावून घेता आला नाही.

वैशाली मध्ये पडली. "नाना, एक पाय पुरतो. जीव परत सोडू."

"पाय परत येस का?"

"येतो," मी म्हटलं. "कात टाकली की नवा फुटतो."

नानांनी विचार केला. "मंग पाय ल्या. जीव नको."

लाद्यांवर पालथं पडून, भिंगातून बघत, कोऱ्या चिमट्याने मी एकेकाचा एक पाय घेतला आणि त्याला परत सोडला. तो श्वास सतत माझ्या तोंडावर येत होता. मी आयुष्यात एवढ्या सावकाश काम केलेलं नाही.

नाना शेजारी बसून होते. या पायांवरून नातं कसं कळतं, ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, वाचायचा तो तुकडा फक्त आईकडून येतो, तिच्याकडे तिच्या आईकडून. म्हणून आमचा हा वंशवृक्ष आयांचा असतो.

"मंग तुमना रोट अंडेरी खातीस का?" नानांनी विचारलं. अंडेर म्हणजे लेक. वैशाली खळखळून हसली, आणि मग मान खाली घालून कुप्यांची झाकणं लावू लागली.

सोमवार

सकाळी वाजतगाजत कानबाई तापीवर गेली. बायका फुगड्या घालत होत्या, मलाही ओढलं. मी पडले आणि गुडघा फोडून घेतला. दुपारी ट्रॉल्या आल्या. ट्रॅक्टरवाला शेजारच्या गावचा होता, गाणी लावून आला होता. एका बाजूच्या लाद्या काढून त्याने पहिली मुरमाची ट्रॉली आत उलटी केली.

आधी पाण्याचा आवाज आला. मग उरलेल्या लाद्यांच्या भोकातून हवा बाहेर पडू लागली. या वेळी तिला आवाज होता, लांबलचक, घुमणारा, माणसाने तोंड मिटून हुंकार द्यावा तसा. तो थांबेचना. ट्रॅक्टरवाल्याने गाणं बंद केलं, मग इंजिन बंद केलं. ओहोटीचा वास सगळ्या कपाशीवर पसरला. नानांनी टोपी काढली. अक्का पदर तोंडाशी धरून रडत होत्या, आणि खोटं कशाला सांगू, मीही रडले.

हुंकार संपल्यावर कुणीतरी म्हणालं, चला. इंजिन सुरू झालं.

मी नानांना म्हटलं, ते जीव मरणार नाहीत. पाणी खाली रेतीच्या थरांत लांबवर पसरलेलं आहे, विहीर ही त्यांची नुसती खिडकी होती. त्यांनी मान हलवली. निघताना त्यांनी लाल फडक्याची छोटी पुरचुंडी माझ्या हातात दिली. वैशालीचा श्वास अडकलेला मला ऐकू आला.

"रोटनं उरेल पीठ शे. तेनी मूठ," नाना म्हणाले. "हीर बुजनी, आते हाई कोठे टाकानी? तुमनं यंत्र सांगस, हिरमधलास्ना भाऊबंद दर्यामा शेत. मंग तेस्ले नेई द्या. पन खरं निंघनं तंच. खोटं निंघनं तं माले परत आनी द्या. परक्याना घर रोट जावाले नको."

आजवर माझा निकाल चुकला असता तर माझी नाचक्की झाली असती, एवढंच. आता त्या निकालावर एका माणसाची मूठ अवलंबून होती. धुळ्याला बस बदलताना स्टँडवर शेवभाजी खाल्ली, आणि ती खाताना पुरचुंडी मांडीवर धरून बसले होते.

मालवण

पाय दुसऱ्या शहरात गेले. पीठ आमच्या प्रयोगशाळेच्या फ्रिजमध्ये राहिलं. डब्यावर मी "खाऊ नये" असं लिहिलं, तरी कुणीतरी विचारलंच, बेसन आहे का. निकाल यायला श्रावण उलटून गेला. आला तेव्हा मी आधी वैशालीला बोलावलं आणि मग पाकीट उघडलं. फांदी तीच होती. भेसळ नव्हती. विहिरीतले ते जीव आमच्या पुळणीतल्यांचेच भाऊबंद होते; कोट्यवधी वर्षांपूर्वी पश्चिमेचा समुद्र आत शिरला आणि मागे हटला, तेव्हाची ताटातूट असावी. इथले समुद्राबरोबर मागे सरकले, तिथले आत राहिले.

मी नानांना फोन लावला.

"खरं निंघनं?" त्यांनी विचारलं.

"खरं निघालं."

त्यांनी आधी अक्कांना हाक मारून ते सांगितलं. मग म्हणाले, "मंग सोडी द्या. पन तुमना हातथून नको. वैशालीना हातथून सोडा. तेस्नामा मायवरथून चालस ना?"

ओहोटीला आम्ही दोघी पुळणीवर गेलो. उन्हं कलली होती, वारा नव्हता. ओल्या वाळूत हातभर खड्डा केला, तळाशी खारं पाणी जमलं. वैशालीने फडकं सोडून मूठभर पीठ त्यात टाकलं. पाण्याखालची वाळू हलली आणि ते वर आले, इथले तपकिरी, डोळे असलेले. वास तोच होता. वैशालीच्या दुसऱ्या हातातल्या लाल फडक्याचं टोक उचललं गेलं, फुगलं, आणि थोडा वेळ तसंच राहिलं. आम्ही दोघींनी ते पाहिलं. दाबाचं कारण मी या वेळी सांगितलं नाही.

वैशालीच्या ओल्या तळव्याला थोडं पीठ चिकटून राहिलं होतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने तळवा तोंडाला लावला आणि चाटून साफ केला.

"खारट लागतं," ती म्हणाली.